निगेटिव्हमधली बारव

“थांब! उघड्या हातानं धरू नकोस! आधी हातमोजे घाल!”

सावनी एवढ्या जोरात ओरडली, की अमेयच्या हातातली निगेटिव्हची पट्टी टेबलावर पडलीच.

“अगं, फिल्म आहे ती, साप नाही!”

“तुझ्या हाताला कैरीचं तिखट-मीठ लागलंय. ते फिल्मवर बसलं, की जन्मभर निघायचं नाही!”

भर दुपारी पडदे ओढून विश्वजितकाकांच्या हॉलमध्ये तिघांचा कारखाना चालू होता. मध्ये टेबलावर काकांनी ऑनलाइन स्वस्तात मागवलेला फिल्म स्कॅनर. शाळेच्या डब्याहून जरासा मोठा. प्लॅस्टिकच्या चौकटीत निगेटिव्ह बसवायची, एका बाजूने आत सरकवायची आणि बटण दाबायचं, की छोट्या पडद्यावर फोटो उमटायचा. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर निगेटिव्हमधली माणसं भुतासारखी दिसायची. चेहरे काळे, केस पांढरे! स्कॅनरमधून गेली, की ती पुन्हा माणसांत यायची.

कामं वाटलेली होती. शेजारच्या बंगल्यातली सावनी मऊ ब्रशने धूळ झटकायची; तिच्याइतकी शिस्त अख्ख्या कॉलनीत कोणाला नव्हती. काकांचा मुलगा अमेय पट्ट्या चौकटीत बसवायचा. बटण दाबायचा मान मृण्मयीचा, कारण ती सगळ्यांत मोठी आणि पुण्याहून सुट्टीला आलेली.

फोटो मधुसूदन आजोबांचे होते. आजोबांनी सगळी नोकरी सरकारी कचेरीत कारकुनी करण्यात घालवली. पण रविवार आला, की गळ्यात कॅमेरा अडकवून ते सायकलवर निघायचे. गेल्या दिवाळीनंतर ते गेले. दर सुट्टीत ते पत्र्याचा हा डबा पुढे ओढून म्हणायचे, “मनू, ये गं, डबा उघडू. एकेका फोटोची गोष्ट सांगतो.” आणि मृण्मयी मोबाइलवरून मान वर न करता म्हणायची, “नंतर, आजोबा.”

आता डबा उघडला होता. पण गोष्टी सांगायला कोणी नव्हतं. हे ती कोणाजवळ बोलली नव्हती. बटण दाबता दाबता तिला आपलंच ते ‘नंतर’ ऐकू येत राहायचं.

“पुढचं पाकीट!” अमेय म्हणाला. “वर लिहिलंय, ‘दुष्काळ, बहात्तर’.”

पडद्यावर एकेक फोटो येऊ लागला. भेगाळलेली जमीन. खडी फोडणाऱ्या बायकांची लांबच लांब रांग. वाळलेल्या बाभळीखाली उभी राहिलेली हाडकुळी गाय. आणि मग एकदम...

“हे काय?” मृण्मयीने पडद्याला नाक लावलं. “पाणी?”

फोटोत दगडी पायऱ्या होत्या. उतरत उतरत पार खाली गेलेल्या. शेवटच्या पायऱ्यांवर मेंढ्यांची गर्दी, आणि त्यांच्यापुढे चकचकीत, भरपूर पाणी!

“बारव आहे ही,” सावनी म्हणाली. “पायऱ्यांची विहीर. पण दुष्काळात एवढं पाणी? आजोबांनी पाकिटं अदलाबदल केली असतील.”

“शक्यच नाही! आजोबा चष्म्याची डबीसुद्धा चुकीच्या खणात ठेवत नव्हते!” अमेय म्हणाला. “ताई, पुढची पट्टी बघ ना!”

पुढची पट्टी दुसऱ्या एका पट्टीला घट्ट चिकटलेली होती. इतक्या वर्षांच्या उन्हाळ्या-पावसाळ्यांनी दोन्ही एकजीव झाल्या होत्या. काका सकाळी ऑफिसला जाताना बजावून गेले होते, “चिकटलेल्या पट्ट्या ओढू नका हं. स्वच्छ पाण्यात भिजवल्या, की हळूहळू सुटतात. संध्याकाळी मी करून देतो.”

“काका येईपर्यंत थांबायचं?” मृण्मयी म्हणाली. “आणि भिजवायला पाणी कुठंय? नळाला आठवड्यानं पाणी येतं. पिंपाला हात लावला तर काकू रागावेल.”

“वाटीभर पाण्यासाठी अंबिकाकाकू नाही रागवणार,” सावनी म्हणाली. “मृण्मयी, नको...”

पण मृण्मयीने नखाने एक कोपरा सोडवला होता. तो सहज सुटला. तिने अजून थोडं ओढलं. तेही सुटलं. “बघ, येतंय की!” ती म्हणाली आणि तिने जोर लावला.

चर्र!

फार मोठा आवाज नव्हता. पण तिघांनीही एकदम पट्टीवर डोकी वाकवली.

अमेयने पट्टी चौकटीत बसवून आत सरकवली, मृण्मयीने बटण दाबलं. पहिल्या फोटोत पायरीवर परकर-पोलकं घातलेली एक लहान मुलगी खळखळून हसत होती. दुसऱ्यात एक मुलगा पाठमोरा, पाण्याकडे वाकलेला. तिसऱ्यात तोच मुलगा समोर तोंड करून उभा. डोक्याला मुंडासं, काखेत काठी, दोन्ही हातांत छातीशी धरलेलं कोकरू. आणि चेहऱ्याच्या जागी काळा डाग. फिल्मवरचा थर तिथून सोलून निघाला होता, आणि दुसऱ्या पट्टीवर त्याचा नुसता चुरा उरला होता.

“जाऊ दे गं,” अमेय हळूच म्हणाला. “आपल्या ओळखीचा थोडाच आहे!”

मृण्मयी बोटाच्या टोकाने तो चुरा गोळा करू लागली.

सावनीचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. “मुलाच्या मागं बघा. डोंगर! त्यात खाच आहे, उंटाच्या दोन वशिंडांमध्ये असते तशी. आणि खाचेच्या खाली देवळाचा कळस. आपल्या गच्चीवरून दिसतो तो साताऱ्याचा डोंगर तर नाही हा?”

“गच्चीवर!” अमेय ओरडला आणि तिघांच्याही चपला उन्हात फटफटत वर गेल्या.

दक्षिणेला साताऱ्याचा डोंगर उन्हात भाजत उभा होता. बायपासच्या अलीकडे-पलीकडे उंचच उंच इमारती, त्यांच्यावर काळ्या टाक्या आणि मध्ये मध्ये डोंगराचे तुकडे. मृण्मयीने मोबाइलवर उतरवून घेतलेला फोटो समोर धरला. खाच होती खरी. पण फोटोत मोठा उंचवटा खाचेच्या डावीकडे होता आणि समोर तोच उजवीकडे!

“म्हणजे हा डोंगर नाहीच,” अमेयचा चेहरा पडला.

सावनीने कपाळावर हात मारला. “अमेय! पट्टी कशी घातलीस? कडेला छापलेले आकडे सुलटे दिसत होते का?”

“आकडे? कुठले आकडे?”

“अरे देवा! पट्टी उलटी गेली, की अख्खा फोटो आरशातल्यासारखा दिसतो! डावं उजवं, उजवं डावं!”

पुन्हा खाली, पुन्हा स्कॅनर, पुन्हा वर. आता डोंगर फोटोतल्यासारखा हुबेहूब दिसत होता. दोन इमारतींच्या फटीतून जुन्या देवळाचा कळससुद्धा सापडला. तो खाचेच्या थोडा बाजूला दिसत होता एवढंच.

“म्हणजे आपण थोडं सरकलो, की तो खाचेत येईल,” मृण्मयी म्हणाली. “जिथं तो बरोबर खाचेत बसेल, तिथं आजोबा उभे होते!”

पहिल्यांदाच तिला जरा बरं वाटलं.

अमेयने वहीच्या पारदर्शक कव्हरवर मार्करने डोंगराची रेघ आणि कळस काढला. ते कव्हर डोळ्यांपुढे धरून तिघं कॉलनीभर फिरले. कुत्री भुंकली, वॉचमन हसला. शेवटी कॉलनीच्या मोकळ्या जागेत, जिथं वर्षानुवर्षं सगळ्यांच्या घराचा राडारोडा पडत होता, तिथं कळस बरोबर खाचेत जाऊन बसला. समोर फुटक्या फरशा, विटांचे तुकडे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा ढीग होता. त्याच्या कडेला चुन्याने पांढऱ्या रेघा मारलेल्या.

“ह्या रेघा कसल्या?” मृण्मयीने विचारलं.

“पार्किंगच्या,” सावनी म्हणाली. “उद्या इथं काँक्रीट पडणार आहे.”

सोसायटीचे अध्यक्ष तात्यासाहेब संध्याकाळी टँकरवाल्याशी हुज्जत घालत फाटकाशी उभे होते. तिघांनी त्यांना फोटो दाखवला, डोंगर दाखवला, कव्हर दाखवलं. तात्यासाहेबांनी फोटो हातभर लांब धरून पाहिला.

“छान! सुट्टीत असे उद्योग करावेत! पण बाळांनो, ह्या कॉलनीत सगळ्यांत आधी मी राहायला आलो. तेव्हाही इथं नुसता खड्डा होता, तोही आम्हीच बुजवला. विहीर असती तर मला दिसली नसती?”

“खड्डाच ती बारव असेल, तात्यासाहेब!” अमेय म्हणाला. “निदान एकदा खणून बघा ना!”

“खणायला माणसं, मशिन, वेळ! सकाळी जेसीबी येऊन जागा सपाट करणार, दुपारी काँक्रीट. सगळं ठरलंय. जा, खेळा!”

विश्वजितकाका ऑफिसहून आले तेही कानाला फोन लावूनच. फोटो बघून “अरे वा” म्हणाले, सोललेली पट्टी बघून “अरे अरे” म्हणाले, आणि बारवेचं ऐकून म्हणाले, “बघू. रविवारी बोलतो मी तात्यासाहेबांशी.”

“रविवारपर्यंत तिथं गाड्या उभ्या राहतील, बाबा!” अमेय ओरडला. पण काकांचा दुसरा फोन आला होता.

तिघं पुन्हा फाटकाशी येऊन बसले. टँकरच्या पाइपातून गळलेलं पाणी रस्त्याच्या कडेने वाहत होतं आणि काही मेंढ्या ते घाईघाईने पीत होत्या. त्यांच्यामागे काठीला रेलून उभे होते खंडेराव. दर उन्हाळ्यात ते देवगाव रंगारीहून मेंढरं घेऊन बायपासकडच्या रिकाम्या प्लॉटांवर उतरायचे. सावनी त्यांना ओळखत होती.

“खंडेरावमामा, इथं कुठं जुनी बारव होती का हो?” तिने फोटो पुढे केला.

खंडेरावांनी मान हलवली. “मला नाय ठाऊक. पण माझी आई लई सांगती एका बारवेचं. ल्हानपणी हिकडंच मेंढरं पाजायची म्हणती. तळावरच हाय ती. चला, दावू तिला.”

बायपासपलीकडच्या प्लॉटवर तीन दगडांच्या चुलीपुढे पुतळाबाई भाकरी थापत होत्या. पीठ लागलेले हात लुगड्याला पुसून त्यांनी मोबाइल धरला आणि डोळ्यांजवळ नेला. पायरीवरची हसरी मुलगी दिसली तशा त्या खुदकन हसल्या. “अगं बया! ही तर म्या!”

मृण्मयीने फोटो पुढे सरकवला, आणि सरकवता क्षणीच तिला वाटलं, सरकवायला नको होता.

पुतळाबाई कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी कोकरू धरलेल्या त्या हातांवरून बोट फिरवलं.

“कडूबा,” त्या म्हणाल्या. “माझा भाऊ. असाच धरायचा कोकराला.” मग त्यांनी मान वर केली. “पर पोरी, तोंड कुठंय त्याचं?”

तळावर कोकरं ओरडत होती. अमेय जमिनीकडे बघू लागला. सावनीने मृण्मयीकडे पाहिलं.

“फिल्म... फिल्म जुनी आहे ना, आजी,” मृण्मयी म्हणाली. “खराब झाली.”

“व्हय. लई जुनं झालं,” पुतळाबाई म्हणाल्या. “एक सायेब यायचा सायकलीवर. त्यानं काडला हा फोटू. म्हणला, पुढल्या ऐतवारी देतो आणून. पर चारा सरला, आमाला हलावं लागलं. पाचोडच्या वाटंला कडूबाला ताप भरला. दवाखान्यात न्यायच्या आतच गेला. सायेब आला असंल नंतर, कोण जाणं. दुसरा फोटू कधी कुणी काडलाच नाय त्याचा.”

“केवढा होता तो?” सावनीने विचारलं.

पुतळाबाईंनी मृण्मयीकडे बोट केलं. “ह्या पोरीएवढा.”

मृण्मयी एक पाऊल पुढे सरकली. खरं सांगायचं, तर आत्ताच. तिने तोंड उघडलंही. पण तेवढ्यात खंडेराव म्हणाले, “आई, ती बारव बुजवून उद्या गाड्या लावायला जागा करत्यात म्हणं,” आणि बोलणं तिकडे गेलं. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली.

पुतळाबाई त्यांच्याबरोबर कॉलनीत आल्या. मोकळ्या जागेत उभ्या राहून त्यांनी सगळीकडे पाहिलं. आधी एका इमारतीकडे हात केला, मग दुसरीकडे. “हिकडं असंल... नाय, तिकडं लिंबाचं झाड व्हतं... काहीच वळखू येईना गं.” त्या ढिगाऱ्याशेजारच्या दगडावर बसून राहिल्या. अमेयने कव्हर त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं आणि डोंगर दाखवला. कळस खाचेत बसलेला पाहून त्यांचे डोळे भरून आले. “व्हय! पाणी पेताना असाच दिसायचा!”

“पण तात्यासाहेब ऐकणार नाहीत!” सावनी म्हणाली. “उद्या जेसीबी आला, की संपलं.”

अमेय एकदम उठून उभा राहिला. “मामा, तुमच्या मेंढ्या एकदा बसल्या, की उठतात का हो लवकर?”

खंडेरावांच्या मिशा हलल्या. “म्या सांगितल्याबिगर? नाव नको!”

सकाळी जेसीबी धडधडत आला, तेव्हा मोकळी जागा पांढऱ्या-काळ्या लोकरीने भरून गेली होती! ढिगाऱ्यावर मेंढ्या, रेघांवर मेंढ्या, फाटकात मेंढ्या! कोणी रवंथ करतंय, कोणी डुलक्या काढतंय. मधोमध पुतळाबाई मांडी घालून बसलेल्या. खंडेराव तंबाखू मळत उभे.

“हे काय! हटवा! हटवा ही मेंढरं!” तात्यासाहेब अर्ध्या चड्डीवरच धावत आले.

“हटवतो की, सायेब,” खंडेराव म्हणाले. “पर दमलीत. जरा इसावा घेऊ द्या.”

“कचरूभाऊ, घाला मशिन पुढं! आपोआप पळतील!”

जेसीबीवरचा कचरू खाली वाकला. “साहेब, जनावरावर मशिन घालत नसतो मी. दुसरा माणूस बघा.”

एकेक घर जागं होऊन फाटकाशी आलं. कोणी हसत होतं, कोणी मोबाइलवर शूटिंग करत होतं. विश्वजितकाकासुद्धा टूथब्रश हातात घेऊन आले. मृण्मयी पुढे झाली.

“तात्यासाहेब, एकच बकेट मारू द्या कचरूभाऊंना. मी दाखवते तिथं. काही निघालं नाही, तर मेंढ्या लगेच उठतील आणि आम्ही तिघं ही सगळी जागा झाडून देऊ!”

“एक! फक्त एक!” तात्यासाहेब ओरडले. “आणि मग सुट्टी संपेपर्यंत मला तोंड दाखवू नका!”

खंडेरावांनी ओठ मुडपून शीळ घातली. मेंढ्या उठल्या आणि बरोबर मशिनपुरती वाट झाली. अमेयने कव्हर धरलं, सावनीने जागा दाखवली, कचरूने दांडा ओढला. बकेट ढिगाऱ्यात घुसलं आणि वर आलं. फरशा. विटा. एक फुटकं वॉश-बेसिन.

“झालं समाधान?” तात्यासाहेब हात झटकत म्हणाले.

मृण्मयीला रडू फुटणार होतं. इतक्यात कचरूने हात वर केला. “थांबा! गप बसा सगळे!”

खणलेल्या जागी खडी हळूहळू सरकत होती. खाली. आणखी खाली. एक वीट लोळत गेली आणि दिसेनाशी झाली. आणि मग खोल कुठूनतरी आवाज आला...

डुबुक!

“पाणी!” अमेयने एवढी उंच उडी मारली, की जवळची मेंढी दचकून सावनीच्या अंगावरच आली.

मग कोणाला थांबवायची गरजच पडली नाही. कचरूने हलक्या हाताने कडेकडेने माती काढली. दुपारपर्यंत पहिली दगडी पायरी दिसली. मग दुसरी. भर उन्हात बायका-पुरुष घमेली घेऊन रांगेत उभे राहिले, आणि तात्यासाहेब स्वतः डोक्याला रुमाल बांधून विटा उचलू लागले!

पुतळाबाई उघड्या पडलेल्या पायरीवर जाऊन बसल्या. मृण्मयीने त्यांचा फोटो काढला. त्या हसत नव्हत्या. खाली बघत होत्या.

पाणी मात्र काळं होतं. त्याला वास येत होता. काकांनी नमुना तपासायला नेला, आणि परत आले ते मान खाली घालूनच. सगळ्या घरांचं सांडपाणी इतकी वर्षं झिरपून तिथंच जात होतं. पिण्याचं सोडाच, वापरायलाही उपयोग नव्हता. गाळ काढायचा, कडेने कुंपण घालायचं आणि पुढे गच्च्यांवरचं पावसाचं पाणी तिथं सोडायचं, एवढं ठरलं. टँकर दुसऱ्या दिवशीही आला.

रविवारी सोसायटीची सभा भरली. तात्यासाहेब उठून उभे राहिले. “ही बारव आमच्या पायाखाली होती,” ते म्हणाले, “आणि आम्ही तिच्यावर कचरा टाकत होतो. खड्डा समजून मी पहिलं घमेलं टाकलं. ह्या पोरांसारखं कोणी तेव्हा मला विचारायला हवं होतं. मुलांनो, शाबास! अगदी मनापासून शाबास!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मटका कुल्फी आली. काकांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “आज बाबा हवे होते. मनू, त्यांना तुझा केवढा अभिमान वाटला असता!”

मृण्मयीच्या हातातली कुल्फी वितळून मनगटावर ओघळली. तिच्या मनात येत होतं, की आजोबांना सगळं ठाऊक होतं. बारव कुठं होती, तो मुलगा कोण होता, फोटो देता आला नाही म्हणून ते परत किती वेळा तिथं गेले होते. सगळं त्यांनी सांगितलं असतं. त्यांनी एकदा नाही, दर सुट्टीत हाक मारली होती.

“काकू,” ती घरी आल्यावर म्हणाली, “मला देवगाव रंगारीला जायचंय. तू येशील का बरोबर?”

अंबिकाकाकूने तिच्याकडे नीट पाहिलं आणि कशाला म्हणून विचारलं नाही.

मेंढरं परत गावाकडे गेली होती. फोटोंच्या मोठ्या प्रती पुठ्ठ्यात बांधून ती काकूबरोबर एसटीने गेली. पुतळाबाईंचं घर गावाच्या टोकाला होतं. त्यांनी घोंगडी अंथरली, तांब्याभर पाणी दिलं. मृण्मयीने पाणी प्यायच्या आधीच सांगून टाकलं.

“आजी, मी खोटं बोलले. फिल्म जुनी होती म्हणून तो चेहरा गेला नाही. माझ्यामुळं गेला. पट्ट्या चिकटल्या होत्या. काकांनी सांगितलं होतं ओढू नका, सावनीनंही सांगितलं होतं. मला लवकर बघायचं होतं, म्हणून मी ओढलं.”

कडूबाचा फोटो पुतळाबाईंच्या मांडीवर होता. दारातून कोंबडी आत आली, ती त्यांनी हाताने हाकलली.

“लई घाई झालती व्हय?” मग त्यांनी विचारलं.

“हो,” मृण्मयी म्हणाली, आणि मग तिला रडू आवरलं नाही.

“म्या रोज त्याला आठवते असं मला वाटायचं,” पुतळाबाई फोटोकडे बघत म्हणाल्या. “त्या दिवशी तू फोटू दावला, अन् म्या आठवाया गेले, तर आठवंना. नाक आईवाणी व्हतं, एवढं ठाऊक हाय. डोळं कसं व्हतं, तेच नाय येत डोळ्याम्होरं. वाटलं व्हतं, फोटूत बघून घेईन.” त्यांनी मृण्मयीच्या डोक्यावर हात ठेवला, पण ‘असू दे’ म्हणाल्या नाहीत. “पी, पाणी पी.”

मृण्मयी पाणी प्यायली. खंडेराव आले. त्यांनी भिंतीवर दोन खिळे ठोकले. एकावर कडूबा आणि कोकरू, दुसऱ्यावर पायरीवर बसलेल्या पुतळाबाई. चेहरा नसलेला फोटो बघून शेजारची बाई काहीतरी विचारायला लागली, तशी पुतळाबाई म्हणाल्या, “माझा थोरला भाऊ हाय,” आणि पुढचं त्यांनी विचारूच दिलं नाही.

परतीच्या एसटीपर्यंत त्या सोबत आल्या. उन्हात पदर डोक्यावर ओढून फाट्यावर उभ्या राहिल्या. काकूच्या हातात त्यांनी शेंगांची पुडी दिली. गाडी आली. मृण्मयी खिडकीशी बसली आणि मोबाइल बाहेर न काढता पुतळाबाईंकडे बघत राहिली. कपाळावरचं हिरवं गोंदण, डाव्या भुवईतला बारीक व्रण, पिंगट डोळे, उन्हाने आकसलेले. गाडी हलली तरी ती बघत राहिली, वळण येईपर्यंत.